सगळ्यांसाठी एकच फोल्डर

नवीन सॉफ्टवेअर चौदा फ्लॉप्यांमधून आलं आणि त्यातली नववी खराब निघाली. रविवारी सकाळी हेड एकटेच ऑफिसात आले होते. जुन्या स्टेशनरीच्या खोलीत आता सर्व्हर ठेवला होता, तरी खोलीला कार्बन पेपरचा वास तसाच होता. हेडनी एकामागून एक आठ फ्लॉप्या मशीनला भरवल्या आणि नवव्या फ्लॉपीपाशी घोडं अडलं. कुरकुर व्हायची, थांबायची आणि पडद्यावर पुन्हा तेच यायचं: नऊ नंबरची फ्लॉपी घाला.

"अगं, घातली आहे ना," हेड म्हणाले.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांची ही सवय वाढली होती. घरी ते कुकरशी बोलायचे, इथे सर्व्हरशी.

हेड म्हणजे विमा कंपनीच्या त्या ऑफिसातले हेड टायपिस्ट. सत्तावीस वर्षं तिथे होते. शिपायापासून वरपर्यंत सगळे त्यांना 'हेड' म्हणत. मॅनेजरच्या मात्र दोन हाका होत्या. चारचौघांत 'हेड' आणि काही काम काढायचं असलं की 'दाजी'. तो हेडच्या बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेजची चार वर्षं तो यांच्याच घरी राहिला होता. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत हेडची बायको घरात कुणाला मोठ्याने खोकूसुद्धा देत नसे.

ती फेब्रुवारीच्या दोन तारखेला गेली. अडतीस दिवस हॉस्पिटलात होती. त्यानंतर हेड रजेवर होते आणि रजेत काय करायचं ते त्यांना उमगत नव्हतं. तिचं कपाट उघडायचे, बंद करायचे. तेरा तारखेला संध्याकाळी मेहुणा आला आणि सोफ्याच्या कडेवर बसला.

"दाजी, असे बसून राहिलात तर वेड लागेल तुम्हाला. ऑफिसात या. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आहेत. एकच सॉफ्टवेअर सगळ्यांनी वापरायचं. बाहेरचा माणूस आणता येईल, पण मी म्हटलं, आपले दाजी असताना बाहेरचा कशाला?"

"मला काय येतंय त्यातलं?"

"एवढं जाड पुस्तक मिळतं बरोबर. तुम्ही टाइपरायटर खोलून पुन्हा जोडायचात. त्यापुढे हे काय! मन रमेल तुमचं. ताईलाही बरं वाटलं असतं."

हेडचे डोळे भरून आले. सगळे येऊन चार शब्द बोलून गेले होते, पण हाताला काम देणारा हा एकटाच निघाला. त्यांनी मेहुण्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

काम मात्र पुस्तकात वाटलं तेवढं सोपं नव्हतं. अठरा मशीनं एकाच वायरीत माळेसारखी ओवलेली. मधल्या एकाची जरी पिन ढिली झाली तरी सतराजण हातावर हात धरून बसायचे. आणि ती पिन बहुतेक वेळा टायपिंग सेक्शनमध्येच निसटायची, कारण तिथे एका टायपिस्टला टेबलाखाली पाय हलवायची सवय होती.

"पाय आवर गं," हेड टेबलाखालून म्हणायचे.

"पाय माझा आहे, वायर तुमची आहे. तुम्ही आवरा," ती वरून म्हणायची. तिला सगळे 'तोफ' म्हणत. ती हळू बोलली तरी जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

सेक्शनमध्ये हेड धरून चौघं. तोफ. दुसरी 'धाकटी', जी आता चाळिशीची झाली होती, पण शेवटी लागली म्हणून धाकटीच राहिली. आणि तिसरी 'मास्तरीण'. ती साहेबांनी तोंडी सांगितलेलं पत्र टाइप करता करताच दुरुस्त करायची आणि साहेबाला पत्ताही लागू द्यायची नाही. विमेदार गेल्यावर घरच्यांना जे पत्र जातं, त्याचे तिच्याकडे तीन प्रकार होते: नवरा गेलेल्या बाईसाठी वेगळं, बायको गेलेल्या माणसासाठी वेगळं, मूल गेलेल्या आईबापांसाठी वेगळं. क्लेम नाकारायची पत्रं तर तिने अशी बांधली होती की वाचणाऱ्याला नकार कळायचा, पण अपमान वाटायचा नाही.

तिघींची हीच पुंजी होती. प्रत्येकीच्या खणात आपापल्या फ्लॉप्या: तयार पत्रं, आणि शॉर्टफॉर्म. दोन अक्षरं मारून एक बटण दाबलं की अख्खं वाक्य उमटायचं. वर्षानुवर्षं जमवलेलं ते सगळं. त्यामुळे जे पत्र क्लेमवाल्या कारकुनाला एक तास छळायचं, ते या बायका चार मिनिटांत हातावेगळं करायच्या.

आणि मॅनेजरला नेमकं तेच हवं होतं. "दाजी, नुसतं सॉफ्टवेअर टाकून काय होणार? मजकूर पाहिजे ना आत. त्यांच्या फ्लॉप्या घ्या आणि सगळं सर्व्हरवर टाका."

हेडनी सेक्शनमध्ये विषय काढला. धाकटी खाली बघायला लागली. तोफ धडाडली.

"म्हणजे उद्या क्लेमवाला स्वतःच बटण दाबून पत्र काढेल. मग आम्ही काय इथे माशा मारायच्या?"

हेडना ते पटलं. म्हणून ते तडक मॅनेजरकडे गेले आणि सरळ विचारलं. मॅनेजरने पेन खाली ठेवला.

"सेक्शनला हात लागणार नाही. माझा शब्द. दाजी, तुमच्याशी खोटं बोलेन का मी? तेही आत्ता?"

हेड परत आले. "तुमच्या नोकऱ्यांना धक्का लागणार नाही," त्यांनी सांगितलं. "मी शब्द देतो."

"मॅनेजरचा की तुमचा?" मास्तरणीने विचारलं.

"माझा."

मास्तरणीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग खण उघडला, सहा फ्लॉप्या काढल्या, रबर बँड लावला आणि त्यांच्या हातात दिल्या. तिच्यामागोमाग बाकीच्या दोघींनी दिल्या.

नववी फ्लॉपी बदलून आली आणि पुढच्या रविवारी सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसलं. आता प्रत्येक मशीनवर जाऊन छोटी मांडणी करायची होती. मशीन तीन प्रश्न विचारायचं. वापरणाऱ्याचं नाव काय? त्याची खाजगी मांडणी, म्हणजे नाव, शॉर्टफॉर्म वगैरे, कुठे ठेवू? त्याचे कागद कुठे ठेवू?

पुस्तकात लिहिलं होतं, प्रत्येकाला वेगळा फोल्डर द्या. हेडनी विचार केला, ऑफिसात कसलं आलंय खाजगी? सगळ्यांना सगळ्यांचे शॉर्टफॉर्म मिळायला हवेत, त्यासाठीच तर हे चाललंय. म्हणून अठराही मशीनांना त्यांनी सर्व्हरवरचा एकच फोल्डर दाखवून दिला. पहिल्या मशीनवर नाव विचारलं तेव्हा आपलं नाव घातलं. दुसऱ्या मशीनने विचारलंच नाही, नाव तिथे आपोआप आलं होतं. हेडना वाटलं, चला, तेवढेच कष्ट वाचले.

सोमवारी सगळं सुरू झालं. क्लेमवाला कारकून नाचत आला. त्याने सकाळपासून एकट्याने अकरा पत्रं काढली होती. "हेड, तुम्ही जादूगार आहात!" मॅनेजरने सगळ्यांसमोर हेडच्या पाठीवर हात ठेवला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच हेडना त्या दिवशी नीट भूक लागली.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, हेडना साफसफाईच्या वेळापत्रकाचा कागद उघडायचा होता. मेनूच्या तळाशी शेवटच्या उघडलेल्या चार कागदांची नावं दिसतात. त्यांना तिथे आपल्या कागदांची नावं दिसायला हवी होती. दिसली ती भलतीच. एक क्लेमवाल्याचं पत्र, एक हिशेबनिसाचं, एक धाकटीचं. आणि सगळ्यात वर: 'टायपबंद'.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की मांडणी एकच असल्याने ही यादीही सगळ्यांची एकच झाली आहे. ऑफिसात कुणीही काहीही उघडलं की ते अठरा मशीनांवर दिसतंय. हे दुरुस्त करायला हवं, त्यांनी मनात नोंद केली. मग वाटलं, टायपबंद म्हणजे जुने टाइपरायटर मोडीत काढायचा कागद असणार. त्यातला एक आपण मागून घेऊ. त्यांनी तो उघडला.

पत्र मुख्य कार्यालयाला होतं. 'टंकलेखन विभाग या तिमाहीअखेर बंद करण्यात येत आहे. चारपैकी तीन पदे रद्द होतील. चौथे पद संगणक यंत्रणेच्या देखभालीसाठी ठेवण्यात येईल. टायपिस्टांकडील सर्व मजकूर कोणत्याही तक्रारीविना सामायिक यंत्रणेत जमा झाला आहे.' आणि शेवटची ओळ: 'सदर योजनेला आपण अकरा फेब्रुवारीच्या बैठकीत दिलेल्या मंजुरीस अनुसरून ही कार्यवाही होत आहे.'

हेडनी ती ओळ पुन्हा वाचली. अकरा तारीख. तो घरी आला तेरा तारखेला. त्याच्या दोन दिवस आधीच हे सगळं ठरवून, मग सोफ्याच्या कडेवर बसून तो म्हणाला होता, मन रमेल तुमचं.

ते उठले. पाय आपोआप केबिनकडे वळले. दार न वाजवताच ते आत गेले आणि दार मागे लोटून घेतलं.

"अकरा तारखेला काय झालं होतं रे?"

मॅनेजरला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही माझ्या मशीनमध्ये शिरलात?"

"तू ठेवलंस ते तुझ्या मशीनमध्ये नाहीच. सगळ्यांच्या फोल्डरमध्ये आहे. अठराजण वाचू शकतात."

मॅनेजर पटकन पडद्याकडे वळला, काहीतरी बंद केलं, पुन्हा वळला. "दाजी, बसा. ऐका तर. हे माझ्या हातात नव्हतं. वरून आलं. सगळ्या ऑफिसांत होणार आहे. मी भांडून एक जागा राखली. तुमची."

"मी मागितली होती?"

"ताई गेल्यावर तुम्हाला घरी बसवणं मला बघवलं नसतं."

"तिला यात ओढू नकोस."

"ओढतोय कुठे? खरं तेच सांगतोय. बाहेरचा माणूस आला असता तर त्या बायकांनी फ्लॉप्या दिल्या नसत्या. तुम्हाला दिल्या. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे." तो थोडा पुढे झुकला. "आणि आता सांगायचंही तुम्हीच सांगा त्यांना. तुमच्या तोंडून जरा हलकं जाईल. हळूहळू सांगा. घाई नाही."

हेडनी त्याच्याकडे बघितलं. नाक, कपाळ, बोलताना भुवई उचलणं, सगळं बहिणीसारखं. गेले तीन महिने त्या चेहऱ्याकडे बघूनच त्यांना धीर यायचा. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं, समोरच्याला दुखूही न देता.

"तू माझ्याशी खोटं बोललास," ते म्हणाले. "कुठल्या दिवसांत बोललास ते तुलाच माहीत आहे."

"दाजी..."

"ऑफिसात हेड म्हण. आणि घरी येऊ नकोस."

सेक्शनमध्ये शिरताना त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती. ती वापरायची वेळच आली नाही. तिन्ही मशीनं थांबलेली होती. तोफसुद्धा गप्प होती आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मास्तरणीच्या टेबलावर त्या पत्राची छापलेली प्रत होती.

"मी तेच सांगायला आलो," हेड म्हणाले.

"सांगायला?" तोफ उठली. "लिहून झालं, आता वाचून दाखवणार?"

"मी लिहिलं नाही ते."

"हो का? या इकडे." तिने आपला पडदा त्यांच्याकडे फिरवला. पत्र उघडं होतं आणि वर एक चौकट होती, कागदाची माहिती सांगणारी. त्यात 'लेखक' या शब्दापुढे हेडचं नाव होतं. आडनावासकट.

हेडना सगळं एका क्षणात समजलं आणि ते समजावून सांगायला किती वेळ लागेल तेही समजलं.

"चौथी जागा कुणाची तेही कळतंय त्यातून," धाकटी म्हणाली. ती रडत नव्हती, पण तिचं नाक लाल झालं होतं. "आम्ही त्या सोमवारी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, हेड."

"एक मिनिट द्या मला. फक्त एक मिनिट," हेड म्हणाले. "तू नवीन कागद उघड. हो, तूच. काहीही टाइप कर."

"मला नाही खेळ करायचा."

"कर गं," मास्तरीण म्हणाली. पहिल्यांदाच बोलली.

तोफने बसून दोन बोटांनी, मुद्दाम जोरजोरात, टाइप केलं: हेड लबाड आहे.

"तो कागद साठवून ठेव. आता माहितीची चौकट उघड."

तिने उघडली. लेखक: हेडचं नाव, आडनावासकट. तोफ पडद्याकडे बघत राहिली.

"हेही मीच लिहिलं का?" हेड म्हणाले. "मी मांडणी सगळ्यांची एक केली. नाव एकदाच घातलं, माझं. तेव्हापासून या ऑफिसात जो जे लिहितो ते माझ्या नावावर पडतंय. चूक माझी. पण पत्र माझं नाही. मॅनेजरचं आहे. त्याने मलाही फसवलं. माझी बायको गेल्यावर घरी येऊन फसवलं."

बाहेर क्लेमच्या खोलीतला प्रिंटर करकरत होता. तिथून भराभर पत्रं निघत होती.

तोफने तो नवीन कागद बंद करून पुसायचं बटण दाबलं. मशीनने विचारलं, पुसू का? तिने पुसला.

"बरं," मास्तरीण म्हणाली. "पत्र तुम्ही लिहिलं नाही. मला पटलं. पण फ्लॉप्या मागायला कोण आलं होतं?"

"मी."

"मॅनेजरचा शब्द की तुमचा, असं मी विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

"माझा."

"मॅनेजर आला असता तर मी खण उघडला नसता, हेड. त्याला मी चांगली ओळखते. तुम्ही आलात म्हणून उघडला."

हेड धाकटीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"मी सगळं काढून टाकतो," ते म्हणाले. "आत्ता. सर्व्हरवरून तुमची सगळी पत्रं पुसतो. ज्याची त्याला परत. मग बघू कसे चालवतात."

"नका," मास्तरीण म्हणाली. "क्लेमवाल्याने पहिल्याच दिवशी सगळं आपल्या फ्लॉपीवर उतरवून घेतलंय. मला अभिमानाने दाखवलं त्याने. पुसलंत तर उद्या तुमच्यावर ठपका येईल, आणि मॅनेजरला आयतं सापडेल की टायपिंगवाल्यांनीच नासधूस केली."

"मग मी राजीनामा देतो."

"आणि?" तोफ म्हणाली. आता तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला नसता. "त्याने आमच्या जागा परत येणार आहेत? तुम्हाला तेवढं मोकळं वाटेल. आम्ही आहोत तिथेच."

मास्तरणीने टेबलावरची प्रत उचलून घेतली. चष्मा वर सरकवला आणि साहेबाचं पत्र वाचावं तशी ती पेन्सिल घेऊन वाचायला लागली. एका ठिकाणी थांबली, खाली रेघ मारली.

"'कोणत्याही तक्रारीविना जमा झाला आहे,'" तिने वाचलं. "हे खोटं आहे. तोफने तक्रार केली होती. तुम्ही ती मॅनेजरकडे नेली होती. त्याने तुम्हाला शब्द दिला होता. बरोबर?"

"बरोबर."

"कुठे?"

"केबिनमध्ये. मी उभा होतो, तो बसला होता. पेन खाली ठेवून म्हणाला."

"विभागीय साहेब गुरुवारी येतायत. मुख्य कार्यालयाला पत्र त्यांच्याच सहीने जाणार, म्हणजे अजून गेलेलं नाही." तिने आणखी एक रेघ मारली. "आपण त्यांच्याकडे जाऊ. निदान त्यांना कळू दे की मजकूर खोटं बोलून घेतलाय. पुढचं पुढे. कदाचित काही होणार नाही."

"होणारच नाही," तोफ म्हणाली.

"असेल. पण न बोलता घरी जायची माझी तयारी नाही."

हेड खुर्चीतून उठले. "मी येतो. त्याने मला काय सांगितलं, कधी सांगितलं, सगळं मी सांगतो त्यांना. मी बोललो की..."

"तुम्ही बोलायचं नाही," मास्तरीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ममताही नव्हती. "तुम्ही बोललात की माणसाला खरं वाटतं, हेड. तेच तर महागात पडलं आम्हाला. बोलेन मी. तुम्ही आमच्या बाजूला उभं राहायचं आणि साहेबांनी विचारलं, हे खरं का, तर हो म्हणायचं. तेवढंच."

"मॅनेजर समोर बसलेला असेल," धाकटी हळूच म्हणाली. "हेडचा मेहुणा आहे तो."

तिघींनी हेडकडे पाहिलं. हेडनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग ते मिटलं आणि होकाराची मान हलवली.